उसना ठेका आणि चोरीचा आळ

‘या लोकांना स्वतःचे संगीतच नाही. दुसऱ्यांच्या तबकड्यांतले तुकडे कापायचे, एकाला एक जोडायचे आणि वर बडबड करायची. याला कला म्हणायचे तर उद्या वाकळ शिवणाऱ्या बाईलाही कलावंत म्हणावे लागेल!’

हिप हॉप संगीताविषयी हे वाक्य थोड्याफार फरकाने मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. संगीत मंडळांच्या सभांतून ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडून ऐकले आणि ज्यांनी आयुष्यात एकही तबकडी विकत घेतली नाही त्यांच्या तोंडूनही ऐकले. वाकळीचे उत्तर सोपे आहे. वाकळ शिवणारी बाई कलावंत असतेच. आमच्या गल्लीत तिला कुणी वाकळ म्हणते, पलीकडच्या दारातली कौदी म्हणते, पण कोणत्या लुगड्याचा काठ कोणत्या धोतराच्या तुकड्याशेजारी बसवायचा हे ठरवायला नजर लागते, आणि ती नजर बाजारात मिळत नाही. तेव्हा त्या अर्ध्या भागावर मी वेळ घालवणार नाही. माझे भांडण चोरी या शब्दाशी आहे. चोरी झाली, यात मला शंका नाही. पण ज्याच्या अंगावर आळ घातला त्याने ती केली नाही, आणि ज्याचे लुटले गेले त्याचे नाव फिर्यादीत कुठेच नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांचे पैसे उभे करायला नाचाची मैफल ठेवली. तबकड्या लावायला तिचा भाऊ होता. जमैकातून आलेला हा पोरगा पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात एक जागा अशी येते की गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि फक्त ढोल-झांजांचा ठेका उरतो. नाचणारे नेमके त्याच जागेची वाट पाहत असतात. ती जागा पाच-दहा सेकंदांत संपते. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ठेका संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून घ्यायची. पाच सेकंदांचा ठेका पाच मिनिटे चालू लागला. आपल्याकडे लावणीत ढोलकीवाला रंगात आला की गाणारी बाई बाजूला होते आणि फड त्याच्या हाती जातो. ती जागा कुणी तासभर धरून ठेवली तर काय होईल याची कल्पना करा.

यात चोरी कसली? तबकडी विकत घेतलेली, यंत्र स्वतःचे, आणि नाचणारे गल्लीतले. तक्रार सुरू झाली ती हे सगळे पुन्हा तबकडीवर आले आणि त्यातून पैसा दिसू लागला तेव्हा.

१९७९ साली शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ निघाले. त्याखालचा ठेका आणि बास शिक या बँडच्या त्याच वर्षीच्या ‘गुड टाइम्स’चा होता. तो तबकडीवरून उचललेला नव्हता, स्टुडिओत वादक बसवून पुन्हा वाजवून घेतला होता. शिकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाचा धाक घातला आणि त्यांची नावे रचनाकार म्हणून लागली. ठीकच झाले. इथवर गोष्ट सरळ होती.

मग यंत्रे आली. १९८७ साली ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० निघाले. त्यात आवाज साठवता येई, पण सगळा मिळून दहा सेकंद, आणि एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच. दहा सेकंदांत गाणे बांधायचे! या पोरांनी काय युक्ती काढली असेल? तेहतीसच्या गतीची तबकडी पंचेचाळीसवर फिरवायची, म्हणजे तोच तुकडा कमी वेळात मावतो, आणि मग यंत्रात त्याची गती उतरवायची. त्या खटपटीत आवाज थोडा खरबरीत, धुळकट होई. जुन्या माठासारखा. पुढे तोच खरबरीतपणा लोकांना हवासा वाटू लागला.

इथे प्रोड्यूसर या शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा आणि प्रयोग रद्द झाला की दिसेनासा होणारा इसम. हिप हॉपमधला प्रोड्यूसर म्हणजे ऐकणारा. जुन्या बाजारातून, फुटपाथवरून, कुणाच्या आजीच्या पेटीतून तबकड्या आणायच्या, रात्ररात्र ऐकायच्या, आणि चाळीस मिनिटांच्या तबकडीत ज्या दोन सेकंदांकडे खुद्द तबकडी काढणाऱ्याचेही लक्ष गेले नव्हते ती दोन सेकंदे शोधायची. मग ती कापायची की सलग ठेवायची, वरच्या स्वरात न्यायची की खाली आणायची, तिच्यामागे कुठला ढोल लावायचा, कुठे सगळे थांबवायचे. रॅप करणाऱ्याचा चेहरा मुखपृष्ठावर असतो. गाणे मात्र पुष्कळदा या माणसाच्या कानात आधी जन्मलेले असते.

एक उदाहरण देतो, आणि जरा थांबून देतो, कारण ज्याला हे गाणे ऐकून काही होत नाही त्याच्याशी मला पुढे बोलायचे नाही. १९९० साली हेवी डी अँड द बॉईझ या गटातला ट्रॉय डिक्सन नावाचा तरुण दौऱ्यावर असताना उंचावरून पडून गेला. त्याच्या मित्रांपैकी एक होता पीट रॉक. १९९२ मध्ये पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या जोडीने त्याच्यासाठी गाणे केले. त्याचे आद्याक्षरी नाव ‘ट्रॉय’ असेच वाचले जाते. त्या गाण्याचा प्राण म्हणजे सॅक्सोफोनची एक लहानशी ओळ. ती टॉम स्कॉटच्या १९६७ सालच्या तबकडीवरची. त्या तबकडीवर टॉम स्कॉट दुसऱ्याच एका बँडचे, जेफर्सन एअरप्लेनचे ‘टुडे’ हे गाणे आपल्या पद्धतीने वाजवत होता. म्हणजे मुळात उसनेच! पंचवीस वर्षे त्या ओळीकडे कुणी शोकगीत म्हणून पाहिले नव्हते. ते प्रेमगीत होते. पीट रॉकने त्यातला सॅक्सोफोन ऐकला आणि त्याला त्यात गेलेला मित्र सापडला. वर स्मूथ बोलतो ते आपल्या घरातल्या माणसांविषयी, आई-आजोबांविषयी. मरणाचा उच्चार जवळजवळ नाहीच. सगळे दुःख त्या सॅक्सोफोनवर सोडलेले आहे. ही निवड कोणी केली? टॉम स्कॉटने नाही. त्याने सूर दिला. त्या सुराला हा अर्थ देणारा दुसरा होता.

ज्यांना यात नुसती उचलेगिरी दिसते त्यांना मी विचारतो, तुमच्या कपाटात संगीत नाटकांची जुनी पुस्तके असतील तर ती काढून पाहा. पदाच्या डोक्यावर कंसात काय छापलेले असते? ‘चाल’ आणि पुढे कुठल्या तरी दुसऱ्याच पदाचे, ठुमरीचे, कानडी पदाचे सुरुवातीचे शब्द. बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ उभे केले ते साकी-दिंडीबरोबर कर्नाटकी चाली घेऊनच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या. ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली घराण्यातल्या बंदिशींवर पदे बसवली आणि महाराष्ट्र वेडा झाला. त्यांना कोणी चोर म्हटले नाही, आणि म्हणू नये, कारण नाटकवाल्यांनी घेतले ते कंसात छापून, उजळ माथ्याने घेतले. आमच्या आजोळी ते पुस्तक हाती धरून गाणाऱ्या बायकांना मूळ कानडी पदही येत असे. दोन्ही पाठ. एक ऐकल्याने दुसऱ्याची गोडी कमी झाली असे त्यांना कधी वाटले नाही.

‘पण नाटकवाल्यांनी चाल घेतली, आवाज नव्हे!’ असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. किंबहुना सगळा प्रश्नच तिथे आहे. चाल घेतली तर चालकर्त्याचे देणे लागते. ध्वनिमुद्रणातला आवाज घेतला तर ज्याच्या मनगटातून, फुफ्फुसातून तो निघाला त्या माणसाचे देणे लागते. आता अमेरिकेतल्या कायद्याने काय केले ते पाहा. कायद्याला दोनच मालक ठाऊक आहेत: रचनेचा मालक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक. पहिला म्हणजे ज्याचे नाव रचनाकार म्हणून नोंदले तो किंवा त्याच्याकडून हक्क घेणारी कंपनी. दुसरा म्हणजे बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनी. स्टुडिओत दिवसाची मजुरी घेऊन ढोल वाजवणारा या दोन्हींत बसत नाही.

क्लाईड स्टबलफील्ड हे नाव किती वाचकांनी ऐकले असेल? जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये हा ढोलवादक होता. १९६९ च्या नोव्हेंबरात ‘फंकी ड्रमर’ ध्वनिमुद्रित झाले, १९७० मध्ये बाजारात आले. त्यात एका ठिकाणी सगळे थांबतात आणि स्टबलफील्ड एकटा काही आवर्तने वाजवतो. जगात सर्वाधिक वेळा उचलल्या गेलेल्या ठेक्यांपैकी हा एक. पब्लिक एनिमीच्या १९८९ सालच्या ‘फाइट द पॉवर’मध्ये तो आहे, आणि शेकडो गाण्यांत आहे. रचनाकार म्हणून नोंद जेम्स ब्राउनची. ठेका ज्याच्या हातचा त्याला या सगळ्यातून रॉयल्टी मिळाली नाही. त्याच्या आजारपणाचे सुमारे ९० हजार डॉलरचे बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरले होते, हे प्रिन्स गेल्यावर २०१६ साली लोकांना कळले. स्टबलफील्ड २०१७ मध्ये गेला.

आणि त्याला निदान नाव तरी मिळाले. द विन्स्टन्स या गटाने १९६९ साली ‘आमेन, ब्रदर’ नावाचे वाद्यसंगीत तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले. पुढच्या बाजूच्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. मागच्या बाजूवर ग्रेगरी कोलमनने सहा-सात सेकंद एकट्याने ढोल वाजवला होता. त्या सहा-सात सेकंदांवर हिप हॉपची असंख्य गाणी झाली आणि इंग्लंडमध्ये तर जंगल नावाचा एक आख्खा संगीतप्रकार उभा राहिला. कोलमन २००६ साली गेला, तेव्हा त्याला राहायला घर नव्हते असे सांगतात. गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर हक्कदार असूनही त्याच्या हाती काही आले नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला २४ हजार पौंड दिले. वर्गणी! आपल्याकडे म्हाताऱ्या तमाशा कलावंतासाठी काढतात तशी.

आता म्हणा, चोर कोण?

यावर प्रोड्यूसरांचे वकील म्हणतील की पोरांनी नाव द्यायला हवे होते, पैसे द्यायला हवे होते. मीही तेच म्हणतो. पण कोर्टाने पैसे कुणाला देवविले? १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये न्यायमूर्ती डफी यांनी रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ’सुलिव्हन यांच्या १९७२ च्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला होता. निकालपत्राचा आरंभच बायबलातल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने आहे, आणि न्यायमूर्तींनी प्रकरण फौजदारीकडे पाठवण्याचीही भाषा केली. बिझ मार्कीने परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती, तरी वापरले. त्या प्रकरणात तो चुकलाच. परंतु त्या दिवसानंतर कंपन्यांनी प्रत्येक तुकड्याची परवानगी घेतल्याशिवाय तबकडी काढायची नाही असे धोरण धरले. पुढे २००५ साली दुसऱ्या एका कोर्टाने तर दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यासाठीही परवाना घ्या नाही तर वापरू नका, असे ठणकावले. तिथेही दावा लावणारा गिटारवादक नव्हता, हक्क धरून बसलेल्या कंपन्या होत्या.

परिणाम काय झाला? पब्लिक एनिमीच्या मागे बॉम्ब स्क्वॉड नावाची मंडळी होती. ते एका गाण्यात डझनभर तबकड्यांचे तुकडे एकावर एक रचत. पोलिसांचा भोंगा, भाषण, सॅक्सोफोनची किंकाळी, सगळे एकत्र. १९८८ आणि १९९० च्या त्यांच्या तबकड्या ऐका. तसे काम पुन्हा होणे अशक्य झाले, कारण प्रत्येक तुकड्याचा मालक आपली पाती मागणार आणि गाण्यात पाती उरणारच नाही. डे ला सोल या गटाची १९८९ सालची पहिली तबकडी, इतकी खेळकर की ऐकताना मी एकटाच हसलो होतो, ती अशाच गुंत्यामुळे वर्षानुवर्षे इंटरनेटच्या संगीतसेवांवर येऊ शकली नाही. ती आली ३ मार्च २०२३ रोजी. तोवर त्यांच्यापैकी एक जण महिन्याभरापूर्वीच गेला होता.

आणि ज्याच्याकडे पैसा त्याचे काय अडले? त्याने तुकडे कापणे सोडले आणि अख्खे गाणेच विकत घेतले. १९९७ साली पफ डॅडीने गेलेल्या मित्राच्या आठवणीत गाणे केले, ते पोलीस या बँडच्या १९८३ च्या गाण्यावर, जवळजवळ जसेच्या तसे. रचनेचे पैसे स्टिंगला गेले. ज्या गिटारच्या नक्षीवर ते गाणे उभे आहे ती वाजवणारा अँडी समर्स रचनेच्या वाट्यात कुठे नाही. पीट रॉकचेही शोकगीत, हेही शोकगीत. एकाने मातीतून काढून मूर्ती केली, दुसऱ्याने दुकानातून आणली. कायद्याच्या दृष्टीने दुसरा जास्त सभ्य. तिसरी वाट डॉ. ड्रेची: १९९२ च्या ‘द क्रॉनिक’मध्ये त्याने पुष्कळ ठिकाणी जुने सूर स्टुडिओत वादकांकडून नव्याने वाजवून घेतले. ऐकायला झकास. म्हणजे रचनेचे पैसे द्यायचे, ध्वनिमुद्रणाचे वाचवायचे. पण त्यात मूळ वाजवणारा आवाजासकट बाहेर फेकला गेला, हे कुणी बोलत नाही.

आता आपल्या घराकडे. इंदूरला जन्मलेल्या, मंगेशीच्या दीनानाथांच्या कन्येचा आवाज २००२ साली अमेरिकेच्या रेडिओवर वाजत होता. ‘ज्योती’ या १९८१ च्या हिंदी चित्रपटातले लताबाईंचे गाणे डीजे क्विक या प्रोड्यूसरने ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्याखाली लावले, गायिका ट्रूथ हर्ट्स. श्रेय नव्हते. संगीतकार बप्पी लाहिरी कोर्टात गेले आणि श्रेय दिल्याखेरीज विक्री नको असा हुकूम मिळवला. आपली छाती फुगली. माझीही. मात्र पाश्चात्त्य चाली उचलल्याचा आरोप खुद्द लाहिरींवर आयुष्यभर होत राहिला, हे त्या दिवशी वृत्तपत्रांनी सोयीने विसरून टाकले. त्याच सुमारास आपल्याकडेही त्याच गाण्याचे रिमिक्स निघाले, दुसऱ्या आवाजात गाऊन घेतलेले, आणि त्यावर आमच्या मुलांनी वरातीत नाच केला.

त्याच वर्षीचे एरिक सर्मनचे ‘रिअ‍ॅक्ट’ तर द्वैभाषिक माणसानेच ऐकावे. प्रोड्यूसर जस्ट ब्लेझने १९६३ च्या ‘ताजमहल’मधल्या कव्वालीतली बाईच्या आवाजातली ओळ घेतली. ओळीचा अर्थ असा की कुणाला आत्महत्येचीच हौस असेल तर त्याला काय करावे. रॅपर त्यावर बेधडक म्हणतो की बाई जे काही म्हणाली तेच आपण! शब्द कळत नाहीत हे तो लपवत नाही, आणि म्हणून मला हसू आले, राग नाही. पुण्याकडून आलेली आमची भाचरे कानडी गाणी अशीच छाती काढून म्हणतात. तरीही हे पीट रॉकचे ऐकणे नव्हे. इथे आवाज म्हणजे परदेशी अत्तर झाले. ज्या प्रोड्यूसरला मूळ गाणे काय बोलते याची विचारपूस करावीशी वाटत नाही, त्याच्या निवडीला मी कमी गुण देतो. तो गोरा असो, काळा असो की मुंबईचा असो.

आणि या हिंदी गाण्यांच्या वादांत, श्रेय संगीतकाराचे की कंपनीचे यावर कागद खर्ची पडले, तेव्हा मागे बसलेल्यांचे काय? मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि सुरावटी लिहून देणारे कितीतरी गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहिणारे सबॅस्टियन डिसोझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट. ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या गमतीच्या गाण्यात प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव घातले, हाच गोन्साल्विसांचा सर्वांत मोठा नामोल्लेख. तबकडीच्या वेष्टणावर या मंडळींना जागा नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला, तो विकूनही टाकता येत नाही, ही चांगली गोष्ट. पण १९६० च्या सुमारास तिसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवलेल्याला त्यातून काय मिळाले? हे आमचे स्टबलफील्ड. त्यांचे सूर परदेशात वाजले की आपण लताबाईंच्या नावाने अभिमान बाळगतो. सुरावट कुणी लिहिली ते विचारत नाही.

हे इतके दूरचेही नाही. आमच्या भागातल्या एका हलगीवाल्याला काही वर्षांपूर्वी एका कॅसेटसाठी बोलावून दिवसभर वाजवून घेतले. दिवसाची मजुरी दिली, जेवण दिले. आता दर गणपतीला डीजेच्या भिंतीतून त्याचीच हलगी वाजते, खाली यंत्राचा धमाका जोडून. मी त्याला म्हटले, ‘मामा, ही तुमचीच की!’ तो म्हणाला, ‘व्हय की. डाव्या हाताची काडी त्या दिवशी फुटलेली, म्हणून आवाज जरा चिरका हाय बघा. आता पोरं म्हणत्यात, मामा, त्या डीजेसारखं वाजवा.’

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती अमेरिकेतल्या कोर्टाकडे नाही. उचला, कापा, जोडा. पण नाटकाच्या पुस्तकात छापत तसे डोक्यावर छापा: ठेका कुणाचा, पेटी कुणाची, हलगी कुणाची. पैसा आला तर आधी त्याला द्या. आपल्या जिल्ह्यात निघालेल्या भजनांच्या, पोवाड्यांच्या, हलगीच्या जुन्या कॅसेटी ज्यांच्या घरी असतील त्यांनी वादकांची नावे ठाऊक असलेले लोक आहेत तोवर वेष्टणावर लिहून ठेवावीत, मराठीत लिहा की कानडीत. मी माझ्याकडच्या अकरा कॅसेटींवर लिहिली आहेत. एका भजनाच्या कॅसेटीवर पेटी आणि पखवाज लागले. टाळ कुणाचे ते अजून शोधतो आहे.